वस्तूने आपली ओळख कशी सांगावी?

शाळेची हजेरी आणि गुण आता संगणकावर चढू लागले आहेत. तेव्हा संगणकाच्या पोटातला एक साधाच, पण अडीअडचणीला उपयोगी पडणारा व्यवहार आज समजून घेऊ.

काही संगणक-भाषांत एकेका विद्यार्थ्याची एकेक 'वस्तू' करतात. नाव, इयत्ता, रजिस्टर क्रमांक हे सारे तिच्या पोटात असते. या वस्तू ज्या साच्यातून निघतात, त्याला म्हणायचे 'क्लास'. नॉर्वेतल्या सिम्युला ६७ या भाषेत हा विचार प्रथम नीट आकाराला आला. पुढे गुइडो व्हान रॉसम यांनी पायथॉन भाषा रचली. ती १९९१ साली बाहेर आली.

पायथॉनला सांगा, "ही वस्तू पडद्यावर दाखव." काय दिसेल? साच्याचे नाव आणि एक लांबलचक आकडा, बस्स! मुलाचे नाव नाही की इयत्ता नाही. यात यंत्राचा काय दोष? ओळख कशी द्यायची हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

ते सांगायच्या दोन कृती आहेत. 'स्ट्र' ही वाचणाऱ्यासाठी आणि 'रेप्र' ही दुरुस्ती करणाऱ्यासाठी. लिहिताना दोन्ही नावांच्या आगेमागे दोन-दोन अधोरेषा द्यायच्या.

आता समजा, पाचवीत सुनीता पाटील नावाच्या दोन मुली आहेत. प्रगतिपुस्तकावर 'सुनीता पाटील, इयत्ता पाचवी' एवढे पुरते. ते काम 'स्ट्र'चे. पण एकीचे गुण दुसरीच्या नावावर गेले तर? चूक शोधणाऱ्याला दोन्ही ओळी सारख्याच दिसणार! 'रेप्र'मध्ये रजिस्टर क्रमांक घातला असेल, तर कोणती सुनीता कोणती, हे तिथल्या तिथे कळते.

आणखी एक. 'स्ट्र' लिहिली नसेल तर पायथॉन 'रेप्र'वर भागवते. पुऱ्या यादीतल्या वस्तू दाखवतानाही 'रेप्र'च वापरते. म्हणून एकच लिहायची, तर 'रेप्र' आधी लिहावी.

मात्र ओळख म्हणजे झडती नव्हे. आधार क्रमांक, पालकांचा फोन तिच्यात घालू नये. चुकांच्या नोंदवहीत हा मजकूर उतरतो आणि ती वही अनेकांच्या हाती जाते.

गुरुजनहो, हा पाठ शिकवताना मुलांना आधी एवढेच विचारा: "हे कोण वाचणार आहे?" पुढचे मुले आपणच लिहितील.