ता. क. मधला मजकूर



आपलं संमेलन व्यक्तिगत लेखनाचं आहे. रोजनिशी, पत्रं, आठवणी, घरादाराविषयीचे ललित लेख असं सगळं यात येतं. या लेखनाकडे आपली समीक्षा मायेनं पाहते, पण गांभीर्यानं पाहत नाही. मला आज त्याची बाजू मांडायची आहे, आणि ती मी पत्रापासून सुरू करते.

भारतात पोस्टकार्ड आलं १८७९ च्या जुलैत. किंमत पाव आणा. पुढच्या शंभर वर्षांत मराठी घरातल्या पत्राला एक ठरीव घाट आला. वर श्री, मग ‘साष्टांग नमस्कार वि. वि.’, इकडील सर्व क्षेम, मग कामाच्या बातम्या : मनीऑर्डर पोचली, बाळंतीण सुखरूप आहे, पाऊस लांबलाय, धाकटीचं स्थळ अजून ठरत नाही. शेवटी ‘कळावे’. पत्र इथं संपायचं. पण कार्डाच्या कडेला बोटभर जागा उरलेली असायची. तिथं कार्ड आडवं धरून, बारीक अक्षरात, ‘ता. क.’ लिहून एक ओळ यायची. परसातल्या गुलाबाला पहिली कळी आली आहे. यंदाचं लोणचं अगदी माईंच्या हातचं झालं आहे. गाईला पाडी झाली, कपाळावर चांदवा आहे.

आमच्या घरी पत्र मोठ्यानं वाचलं जाई तेव्हा मुख्य मजकूर सगळे ऐकत, ‘बरं’ म्हणत. बोलणं सुरू होई ते या ओळीवरून. पाडीचं नाव काय ठेवलं, लोणच्याला कैरी कुठली घेतली, हे आता विचारायलाच हवं असं आजीला वाटे, आणि उत्तराचं पत्र त्याच संध्याकाळी लिहिलं जाई.

हे असं का होतं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आपण मत मांडतो तेव्हा समोरच्यानं होकार द्यावा किंवा वाद घालावा, एवढंच त्याच्या हाती राहतं. आपण दुःख सांगतो तेव्हा तो बिचारा सांत्वनाचे शब्द शोधतो. पण एखादं लहानसं सुख तपशिलासकट सांगितलं, की ऐकणाऱ्याला स्वतःचं काही आठवतं. ते सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही. मैत्री सुरू होते ती इथून. ‘जीवन सुंदर आहे’ या वाक्याला कुणी उत्तर लिहीत नाही. ‘काल रात्री आठळ्या भाजल्या आणि वास शेजारपर्यंत गेला’ याला उत्तर येतं.

साने गुरुजींनी १९४८ साली ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून आपल्या पुतणीला, सुधाला, पत्रं लिहिली. ती पुढे ‘सुंदर पत्रे’ म्हणून पुस्तकरूपानं आली. एका मुलीला लिहिलेली पत्रं साप्ताहिकात छापायची, ही किती वेगळी कल्पना होती! पत्रावर नाव एकीचं, वाचणारी घरं असंख्य, आणि प्रत्येक घरातल्या मुलाला वाटे, काका मलाच सांगताहेत. त्यांत फुलं आहेत, पाखरं आहेत, भेटलेली माणसं आणि वाचलेली पुस्तकं आहेत. ‘सर्व वाचकांस’ असं म्हणून हे लिहिलं असतं तर त्याचा उपदेश झाला असता. नाव एकाच मुलीचं असल्यामुळे आवाज खाली राहिला, आणि खालच्या आवाजात बोललेलं माणूस जवळ सरकून ऐकतं.

हेही विसरू नका, की ही पत्रं निवांत, सुखी माणसानं लिहिलेली नाहीत. गांधीजींच्या हत्येनंतरचा तो काळ. गुरुजी आतून खचत चालले होते, आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. साध्या आनंदाविषयी लिहिणाऱ्याला दुःख कळत नाही, असा आक्षेप मी वारंवार ऐकते. ज्यांना तो घ्यायचा असेल त्यांनी ‘सुंदर पत्रे’ या तारखा समोर ठेवून वाचावीत.

दुसरं उदाहरण जी. ए. कुलकर्णी यांचं. धारवाडला राहणारे, सभा-समारंभ टाळणारे, ‘काजळमाया’सारखं गडद पुस्तक लिहिणारे जी. ए. पत्रांतून मात्र भरभरून बोलत. त्यांच्या पत्रांचे खंड निघाले. सुनीताबाई देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रं ‘प्रिय जी. ए.’ या नावानं २००३ मध्ये आली. दोघांच्या प्रत्यक्ष भेटी मोजक्याच. मैत्री वाढली ती कागदावर. वाचलेलं पुस्तक, घर, प्रवास, माणसं, मनात आलेला एखादा हट्टी विचार, असं सगळं त्यात आहे. सुनीताबाई काटेकोर, जी. ए. संकोची. समोरासमोर बसवलं असतं तर कदाचित दोघंही गप्प राहिली असती. काही माणसांना मनातलं सांगायला मधे अंतर लागतं, आणि पत्र ते अंतर देतं. कागदावरची मैत्री ही खऱ्या मैत्रीची कमी प्रत आहे, असं म्हणणाऱ्यांशी माझं म्हणूनच जमत नाही.

पत्रांपलीकडे, आपल्याकडे व्यक्तिगत लेखनाला वाङ्मयप्रकाराचं रूप आलं ते लघुनिबंधातून. ना. सी. फडक्यांच्या ‘गुजगोष्टी’ १९३३ साली आल्या, मग अनंत काणेकर, वि. स. खांडेकर आले. वाचकाशी बरोबरीच्या नात्यानं गप्पा मारायच्या, ही त्यांनी मराठी गद्याला दिलेली मोठीच देणगी. पण पुढे त्याचा साचा झाला. विषय क्षुल्लक घ्यायचा आणि शेवटच्या परिच्छेदात त्यातून तत्त्वज्ञान काढायचं. छत्रीवरून निघायचं आणि मानवी जीवनाच्या क्षणभंगुरतेवर थांबायचं. छत्रीवर विश्वास नसल्याचं ते लक्षण होतं. ज्याला छत्री खरोखर आवडते तो छत्रीपाशी थांबतो.

थांबणं म्हणजे काय ते दुर्गाबाई भागवतांनी दाखवलं. ‘ऋतुचक्र’ १९५६ चं. बारा महिने, त्यांतली झाडं, फुलं, पाखरं, लोकांचे सण आणि समजुती. त्यांत झाडाला झाडच राहू दिलं आहे. याच दुर्गाबाई उत्तम स्वयंपाक करत, आणि त्यावर विद्येच्या अधिकारानं लिहीत. आणि याच दुर्गाबाई १९७५ साली, आणीबाणीत, कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि व्यासपीठावरून जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना केली. पळसाकडे बघणारी आणि सत्तेपुढे न झुकणारी बाई एकच आहे. आपल्या डोळ्यांना काय दिसतं ते कुणाची परवानगी न घेता लिहायची सवय तिला दोन्हीकडे उपयोगी पडली, असं मी मानते.

इरावती कर्व्यांच्या ‘परिपूर्ती’ या लेखाचाही उल्लेख करायला हवा. सभेत त्यांची ओळख मोठमोठ्या नात्यांनी करून दिली जाते, तरी काही उरलं आहे असं त्यांना वाटत राहतं. मग रस्त्यावरची मुलं त्यांना आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखतात, आणि ओळख पुरी होते. मानवशास्त्राच्या एवढ्या मोठ्या अभ्यासक बाईंनी १९४९ साली हे लिहिलं. त्यात कुठंही संकोच नाही.

आता एक प्रश्न टाळून चालणार नाही. साधी सुखं म्हणतो ती कुणाची? १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारलं. राबणाऱ्यांच्या जगण्याशी या ग्रंथांचा संबंध नाही, हा त्यांच्या पत्राचा रोख होता. आपल्या ललित लेखनालाही तो रोख पुष्कळ वर्षं लागू पडला. चहा, आरामखुर्ची, खिडकीबाहेरचा पाऊस. पाऊस ज्यांच्या घरात येतो त्यांचं काय, हे त्या खिडकीतून दिसत नव्हतं.

पण राबणाऱ्या घरांत सुखाचं सांगणं नव्हतं असं नाही. पहाटे जात्यावर बसलेली बाई शेजीला, मैतरणीला उद्देशूनच गात होती. भाऊ येण्याचा आनंद, दारची तुळस, लुगड्याचा रंग. साने गुरुजींनी अशा ओव्या ‘स्त्रीजीवन’मध्ये गोळा केल्या. हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या नोंदवल्या. पत्र लिहिता न येणाऱ्या बायकांचा हा पत्रव्यवहारच होता.

आणि बेबी कांबळे. त्यांचं ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन आपण दाहक म्हणून वाचतो आणि ते दाहक आहेच. पण त्यात आषाढ महिन्यात वस्तीवर येणारी धांदल, सारवलेली घरं आणि बायकांचा उत्साहही आहे. भूक लिहिणाऱ्या हातानंच तो लिहिला आहे. बेबीताईंनी फलटण भागातल्या आपल्या लहान दुकानात बसून हे लिहिलं आणि वह्या घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवल्या. फलटणला स्थायिक झालेल्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्याशी ओळख झाली, बोलता बोलता वह्यांची गोष्ट निघाली, आणि त्यांच्या आग्रहामुळे ते लेखन छापलं गेलं. वही कुणातरी एकीला दाखवण्याइतका विश्वास वाटणं, हा मराठी साहित्याच्या इतिहासातला महत्त्वाचा प्रसंग आहे. आपल्या वाङ्मयेतिहासात अशा प्रसंगांना जागाच नाही.

माझ्या अनुभवाचं थोडं सांगते. मी कधीतरी वाळवणांवर एक लेख लिहिला होता. भिजवलेल्या गव्हाचा चीक, तो गरम असतानाच मीठ घालून वाटीत मागणारी मुलं, गच्चीवर कुरडयांची राखण. त्यावर वेंगुर्ल्याकडच्या एका बाईंचं पत्र आलं : आमच्याकडे कुरडया होत नाहीत, आमची राखण फणसपोळीला, आणि आमचा शत्रू कावळा नसून नातवंडं. मी उत्तर लिहिलं. वर्षं गेली. त्यांचे यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी आजाराविषयी फार लिहिलं नाही. एकदा लिहिलं, आज त्यांनी पेज मागून घेतली. त्या एका ओळीत घरातली सगळी परिस्थिती मला कळली, आणि आनंदही कळला. तो आनंद कळण्याइतकी ओळख फणसपोळीपासून तयार होत आली होती.

अशा लेखनात एक जबाबदारीही असते. आपलं घर लिहिताना घरातली इतर माणसंही लिहिली जातात. सून, शेजारी, कामाला येणारी बाई यांनी आपल्याला त्यांच्याविषयी लिहायला सांगितलेलं नसतं. गमतीचा किस्सा हातात येतो तेव्हाच थांबून विचार करावा, की हा छापून आला तर त्या व्यक्तीला आपल्या दारात यायला अवघड वाटेल का? वाटेल असं वाटलं, तर किस्सा कितीही रंगतदार असो, तो वहीतच राहू द्यावा. त्यानं लेख थोडा फिका होईल, चालेल. आहे ती मैत्री दुखावून नवी मैत्री जोडायची, हा व्यवहार मला पटत नाही.

शेवटी ग्रंथालयांच्या आणि संपादकांच्या प्रतिनिधींना दोन विनंत्या करते. जुनं घर विकताना ट्रंकेतली पत्रं आणि वह्या रद्दीत जातात. प्रत्येक सार्वजनिक वाचनालयानं त्यांच्यासाठी एक कपाट राखावं, घरच्यांची लेखी संमती घ्यावी, आणि खाजगी मजकूर किती वर्षं बंद ठेवायचा ते त्यांनाच ठरवू द्यावं. त्यात शेतमजुरांच्या, गिरणी कामगारांच्या, एकट्या राहिलेल्या बायकांच्या वह्या मुद्दाम मागून आणाव्यात, कारण त्या आपणहून येणार नाहीत. संपादकांनी वाचकांचा पत्रव्यवहार मतांपुरता ठेवू नये. अंकातलं एक पान रोजच्या जगण्याविषयी लिहिणाऱ्यांना द्यावं आणि त्यावर आलेली उत्तरं पुढच्या अंकात छापावीत.

जेवणानंतरच्या सत्रात आपल्यातल्याच काही जणी आणि काही जण आपापल्या वह्यांतली पानं वाचणार आहेत. त्यातल्या काहींनी ती याआधी कुणालाच वाचून दाखवलेली नाहीत. टाळ्या जरूर वाजवा. पण सत्र संपल्यावर लगेच एसटी स्टँडकडे धावू नका. वाचणाऱ्याला गाठा, त्याचा पत्ता मागून घ्या, आणि ऐकताना तुम्हाला तुमचं काय आठवलं ते त्याला सांगा.