भरायच्या जागा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘तू कॉम्प्युटरमध्ये नेमकं करतोस तरी काय?’ असं सकाळपासून अनेकांनी विचारलं. म्हणून माझ्या कामातली एक आवडती गोष्ट सांगतो : अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास. घाबरू नका, पेपर नाहीये!

परिपाठात आपण पंचांग सांगायचो. डॉ. मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून भारताने २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका स्वीकारली. तिच्यात चैत्र ३० दिवसांचा, लीप वर्षी ३१. वैशाख ते भाद्रपद ३१ दिवसांचे, पुढचे सहा महिने ३० दिवसांचे. आता हे कॉम्प्युटरला कसं शिकवायचं?

आयसीयू नावाची एक मोफत लायब्ररी आहे. तिच्या जावा आवृत्तीत ‘कॅलेंडर’ नावाचा मूळ क्लास आहे. सलग दिवस मोजणं, वार काढणं, तारखेत दिवस मिळवणं, ही सगळ्यांची सारखी कामं तो स्वतः करतो. पण महिना कोणत्या दिवशी सुरू होतो? तिथे त्याने फक्त मेथडचं नाव लिहून आतली जागा रिकामी ठेवली आहे. ही अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मेथड. ग्रेगोरियन, इस्लामी, हिब्रू आणि आपली भारतीय दिनदर्शिका, प्रत्येकीने ती जागा आपापल्या नियमाने भरायची. नुसतं ‘कॅलेंडर’ तयारच करता येत नाही. ते कोणाचं तरी असावंच लागतं.

अशा जागा न भरता कोणी नवी दिनदर्शिका लिहिली, तर कंपायलर तिथेच अडवतो. हीच खरी सोय. समजा, मूळ क्लासमध्ये इंग्रजी महिन्यांचे नियम ‘सर्वसाधारण’ म्हणून लिहून ठेवले असते. मग आपला नियम लिहायला कोणी विसरलं असतं, तर चैत्राला गुपचूप ३१ दिवस मिळाले असते. प्रोग्राम चालला असता, तारखा मात्र चुकल्या असत्या.

म्हणून माझ्यासोबतच्या नव्या मुलांना मी सांगतो, सगळ्यांचं सारखं असेल ते एकदाच नीट लिहा. जे ज्याचं त्यालाच ठाऊक, तिथे आपला अंदाज भरू नका. जागा सोडा आणि ती भरण्याची सक्ती करा.

घरात आणि ऑफिसात नियम करतानाही हे उपयोगी पडतं. बघा करून.

आता थांबतो, तर्री-पोहे वाट पाहताहेत.