द्राक्षांची शाळा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुलाकडे अमेरिकेत चार महिने राहून आले, म्हणून तिकडचे काहीतरी सांगा, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला. नायगारा काही मी पाहिला नाही. मी पाहिली एक शाळा, आणि तीही वाइनची! हसू नका. आधी एक कबुली देते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या भाचीला अन्नशास्त्र शिकायचे होते. तिने आणलेल्या माहितीपत्रकात मद्य आंबवण्याचा एक विषय दिसला. मी वहिनींना म्हटले, "आपल्या घरातल्या मुलीने हे शिकायचे?" माझ्या शब्दाला घरात मान. विषय तिथेच मिटला आणि पोर मुकाट्याने कचेरीत नोकरीला लागली.

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ डेव्हिस नावाचे गाव आहे. तिथल्या विद्यापीठात रॉबर्ट मोंडावी यांच्या नावाची, वाइन आणि अन्नशास्त्राची संस्था आहे. मोंडावी म्हणजे इटलीहून आलेल्या आईबापांचा मुलगा. 1966 साली त्यांनी नापा खोऱ्यात स्वतःची वायनरी काढली. 2001 साली त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मार्ग्रिट यांनी या संस्थेसाठी अडीच कोटी डॉलर दिले. 2008 च्या ऑक्टोबरात नव्या इमारती उघडल्या. पण त्याच वर्षी मे महिन्यात मोंडावी वारले होते. लावलेल्या झाडाचे फळ दुसऱ्यांनी खायचे, असेच ते झाले.

सूनबाईच्या ओळखीने मी तिथे गेले ती जरा नाक मुरडतच. पाहते तो वाइनचे खाते आणि अन्नशास्त्राचे खाते शेजारी शेजारी! पुढे बांधलेल्या भागात शिकाऊ वायनरी आहे, आणि तिला लागूनच अन्नावर प्रक्रिया करण्याची प्रयोगशाळा. वायनरीत पोलादाची लहान लहान पिंपे ओळीने मांडलेली. प्रत्येकात सुमारे 200 लिटर रस मावतो. आत रस किती तापला, साखर किती उतरली, याची नोंद यंत्र ठेवते. छपरावरचे पावसाचे पाणी साठवून धुण्याला वापरायचे, अशीही योजना केलेली आहे.

भगिनींनो, इडलीचे पीठ थंडीत फुगत नाही म्हणून आपण डबा उबेला ठेवतो. विरजण जास्त झाले की दही आंबट होते, हे कोणी आपल्याला पुस्तकातून शिकवले नाही. आपण म्हणतो अंदाज. तिथे त्याच अंदाजाचे माप घेतात.

याच विद्यापीठातल्या ॲन नोबल या बाईंची गोष्ट मला फार आवडली. 1974 साली त्या वाइनच्या खात्यात आल्या, तेव्हा तिथल्या त्या पहिल्याच स्त्री प्राध्यापक. वासाला नेमके शब्द हवेत, "छान आहे" म्हणून भागत नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्यांनी वासांचे एक चक्रच तयार केले. लवंग, मिरी, लिंबू, मध असे ओळखीचे वास त्यात नावानिशी मांडलेले आहेत. विद्यार्थ्यांना शिकवताना साध्या वाइनमध्ये खरोखरीची लवंग किंवा मिरी घालून तो वास ओळखायला लावतात. म्हणजे सगळे आपल्या मिसळणाच्या डब्यातलेच की! फोडणी करपण्याआधी वासावरून जिला कळते, तिचे नाक काही कमी शिकलेले नसते.

मी तिथे वाइन चाखली नाही, आणि कोणी चाखावी असेही सांगायला उभी नाही. दारूने संसार बुडालेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पण पिणे वेगळे आणि शास्त्र वेगळे. लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकात वाइन का बिघडते याचा शोध घेतला आणि ती बेताने तापवून टिकवण्याची युक्ती काढली. त्याच युक्तीने आज आपल्या दारात पिशवीतले दूध येते. ते दूध मी रोज नातवंडांना देत आले आणि तेच शास्त्र शिकू पाहणाऱ्या भाचीला मात्र अडवले.

त्या रात्री मुलाच्या घरून मी तिला पत्र लिहिले. मोठ्यांनी लहानांची क्षमा मागायची आपल्याकडे रीत नाही, मी मागितली. परत आल्यावर तिचे उत्तर हाती पडले. अर्ज भरायची मुदत अजून आहे, एवढेच तिने लिहिले होते. पहिल्या वर्षाची फी मी भरणार आहे.

आपल्या घरातली एखादी मुलगी असे काही आडवाटेचे शिकायचे म्हणाली, तर नाही म्हणण्याआधी तिचे माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.