कचेरीतील वेळ आणि काउंटरपलीकडचा माणूस



पिंपळगाव राजा येथील या सभेत नोकरीतील वेळेच्या नियोजनाविषयी बोलण्याची संधी संस्थेने आम्हास दिली, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही कारकून माणूस. विषय मोठा, अनुभव मात्र काउंटरपुरता.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. बारमाही कारखान्यांतील कामगारास तेव्हा आठवड्याला ५४ तासांपर्यंत राबावे लागे. १९४६ च्या दुरुस्ती कायद्याने ही मर्यादा ४८ तासांवर आली. हा कायदा कारखान्यांचा, बँकेचा नव्हे. परंतु माणसाच्या वेळेला किंमत असते, हे त्याने लिहून ठेवले.

ती किंमत आम्हास उशिरा कळली. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा बचत खात्यावर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर व्याज मिळे. (१ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर मिळते.) त्यामुळे १० तारखेच्या आत भरणा करण्यास झुंबड उडे. गर्दी पाहून आम्ही बावरत असू. एक व्हाउचर अर्धे सोडून दुसरे हाती घ्यायचे, मधेच कोणी हाक मारली की तिसरे! सायंकाळी हिशोब जुळत नसे.

एकदा ९० रुपयांचा फरक दुसऱ्या दिवशीही सापडेना. आम्ही कागदांत डोके खुपसून बसलो असता एक शेतमजूर बाई पैसे काढण्यास आल्या. अंगठ्याचे खाते, काम पाच मिनिटांचे. आम्ही मान वर न करता म्हणालो, "उद्या या." त्या म्हणाल्या, "सायब, मंग उद्याची बी मजुरी बुडन." आणि गेल्या.

पुढे एका जुन्या रोखपालांनी फरक काढून दिला. फरकास ९ ने भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल आधी शोधावी, असे ते म्हणाले. आम्ही ५४० चे ४५० केले होते. आमची घाई ९० रुपयांची; दंड भरला त्या बाईंनी.

तेव्हापासून हातातले व्हाउचर पुरे झाल्याशिवाय आम्ही दुसरे उचलत नाही. अंगठ्याच्या खात्यास ओळख पटवावी लागते, म्हणून ती कामे अधिकारी जागेवर असतानाच उरकून घेतो. मोबाईल खणात. आता बेरजा संगणक करतो, तरी चुकीचा आकडा आपणच टाकला तर तो काय करणार? लिंक गेली की रांगेला तसे स्पष्ट सांगतो. निदान माणूस बाजार करून येतो.

मार्चअखेरीस आम्हासही घरी जाण्यास रात्र होते, हे विद्यार्थ्यांपासून लपवीत नाही. त्या बाई दुसऱ्या दिवशी आल्या होत्या. त्यांचे काम आम्ही सर्वांआधी केले, पण आदल्या दिवसाची मजुरी काही आम्हास देता आली नाही.