चेहऱ्याआधी हातावर

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

 

होळी झाली की आपल्याकडे ऊन आणि लग्नसराई दोन्ही एकदमच येतात. पाडवा होतो, जत्रा सुरू होतात, घरात पत्रिका येऊन पडायला लागतात. त्याच सुमाराला आठवडी बाजारातल्या कटलरीच्या गाड्यावर, तालुक्याच्या जनरल स्टोअरमध्ये आणि मोबाइलवर नव्या नव्या डब्या दिसू लागतात. नवं सनस्क्रीन, नवी लिपस्टिक, नवं फाउंडेशन, 'सात दिवसांत उजळ' करणारी नवी क्रीम. आज आपण या डब्यांविषयी बोलणार आहोत.

हौस करू नका, असं सांगायला आम्ही इथे बसलेलो नाही. वर्षभर शेतात, चुलीपाशी राबणाऱ्या बाईनं लग्नाला जाताना ओठाला रंग लावला तर त्यात कुणाचं काही बिघडत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे, की नवी वस्तू आधी वाचायची, मग हातावर लावायची आणि त्यानंतरच चेहऱ्याला लावायची. आणि जी वस्तू झटपट गोरं करण्याचं वचन देते, ती हातावरसुद्धा लावायची नाही.

हे सांगायला एक निमित्त घडलं. यंदा होळीनंतर आमच्या गटाच्या बैठकीला एक विक्रेता आला. पिशवीत सहा नव्या वस्तू होत्या. सनस्क्रीन, फाउंडेशन, लिपस्टिक, काजळ, दहा मिनिटांत रंगणारा काळ्या मेंदीचा कोन आणि उजळ करणारी क्रीम. तो म्हणाला, "ताई, लग्नसराईत गटानं स्टॉल लावा, शंभरामागे तीस रुपये तुमचे." गटाच्या खात्यात तेव्हा आठ हजार रुपये मोकळे होते. काहींना लगेच माल उचलावासा वाटला. पण हे पैसे बारा जणींच्या बचतीचे. शिवाय गावात माल विकला, की तो गटाच्या नावानं ओळखला जातो. म्हणून आम्ही त्याला दहा दिवस थांबवलं आणि एकेक नमुना ठेवून घेतला.

पहिलं काम वाचण्याचं केलं. अक्षरं इतकी बारीक, की मोबाइलनं फोटो काढून मोठा करून पाहावा लागला. काय पाहायचं तेही ऐका. वस्तू भारतात बनली असेल तर बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता हवा, उत्पादन परवान्याचा क्रमांक हवा, बॅच नंबर हवा, वापरण्याची मुदत हवी. वस्तू परदेशातून आलेली असेल तर ती इथे आणणाऱ्याचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. लहान ट्यूबवर घटकांची यादी नसू शकते, कारण नियमात तशी सूट आहे. पण बनवणाऱ्याचं नाव आणि मुदत यांना सूट नाही. डबीवर झाकण उघडलेल्या बरणीचं छोटं चित्र असतं, त्यात '१२ एम' असं लिहिलेलं असलं तर उघडल्यापासून बारा महिन्यांत ती संपवायची.

एवढ्या वाचनातच दोन वस्तू बाद झाल्या. मेंदीच्या कोनावर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं. क्रीमच्या डबीवर परक्या लिपीतली अक्षरं आणि एका गोऱ्यापान बाईचा फोटो होता, बाकी काही नव्हतं. विक्रेता म्हणाला, "एवढं काय बघता? शहरात सगळ्या हेच लावतात." आम्ही म्हटलं, लावत असतील. पण उद्या कुणाचं तोंड भाजलं तर तक्रार कुणाकडे घेऊन जायची, त्याचा पत्ता या डबीवर कुठे आहे?

आता या दोन वस्तूंविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण खरा धोका इथेच आहे.

खऱ्या मेंदीचा रंग केशरी चढतो आणि मग तांबूस-तपकिरी होतो. त्याला काही तास लागतात. दहा मिनिटांत कोळशासारखी काळी होणारी मेंदी ही नुसती मेंदी नव्हे. त्यात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं, जे केसांच्या कलपात वापरतात. त्यानं काहींच्या हातावर नक्षीबरहुकूम फोड उठतात. एकदा अंगाला त्याचं वावडं आलं, की पुढे केसांना कलप लावतानाही त्रास होतो. नवरीच्या हाताला असला धोका कशाला?

क्रीमचं प्रकरण याहून वाईट आहे. बिननावाच्या गोरं करणाऱ्या क्रीममध्ये दोन गोष्टी सापडतात, पारा आणि स्टेरॉइड. पारा त्वचेत रंग तयार होण्याचं काम अडवतो, म्हणून चेहरा उजळल्यासारखा दिसतो. पण तो कातडीतून अंगात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांमध्ये या आजाराचा एक विरळ प्रकार निघाला. त्या १५ पैकी १३ जणांनी गोरं होण्याची क्रीम वापरली होती. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची तब्येत सुधारली. आपल्या देशाच्या नियमानुसार सौंदर्यप्रसाधनात पारा मुद्दाम घालता येत नाही. नकळत राहिला तरी दहा लाख भागांत एक भाग, एवढीच मुभा आहे. डोळ्यांच्या प्रसाधनांसाठी मर्यादा वेगळी आहे.

पारा क्रीम लावणाऱ्या बाईपुरता थांबत नाही. तिच्या हाताला, टॉवेलला, उशीला लागून तो घरातल्या लेकरांपर्यंत पोचतो. अशी क्रीम लावत असताना पायावर किंवा तोंडावर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर क्रीम बंद करा आणि डबी बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा. डबी फेकू नका. तपासायला तीच उपयोगी पडते.

स्टेरॉइडचं वागणं आणखी फसवं. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा गुळगुळीत, नितळ, उजळ दिसतो. शेजारीण विचारते, काय लावतेस? मग कातडी पातळ होत जाते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, हनुवटीवर लव वाढते आणि उन्हात गेलं की तोंडाची आग होते. क्रीम सोडली की चेहरा आणखी लाल होतो. म्हणून बाईला वाटतं, क्रीम चांगलीच होती, सोडली म्हणून बिघडलं. ती पुन्हा लावते.

आमच्या गटातल्या एका ताईच्या लेकीचं असंच झालं. पाहुणे बघायला आले आणि जाताना "मुलगी जरा सावळी आहे" असं बोलून गेले. दुसऱ्या बाजारी ट्यूब घरात आली. चार महिने लेक ती लावत होती. मार्चच्या उन्हात तिचं तोंड इतकं लाल झालं, की ती कॉलेजला जाईना. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी ट्यूबवरचं नाव वाचलं आणि सांगितलं, हे औषध आहे, प्रसाधन नव्हे. आता उपचार चालू आहेत आणि हळूहळू फरक पडतोय. ही हकिगत तिनं स्वतःच बैठकीत सांगितली आणि रेडिओवर सांगायला परवानगीही दिली. ती म्हणाली, "माझ्या तोंडावर जे झालं ते दुसरीच्या नको."

तेव्हा ही नावं लक्षात ठेवा. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल. ट्यूबवर यातलं एखादं असलं तर ते स्टेरॉइड आहे. नावात 'सोन' ऐकू आलं म्हणून ते सोनं नव्हे! औषधाच्या वेष्टनावर लाल उभी रेघ असते, तीही पाहा. ही औषधं वाईट नाहीत. गरज असेल तेव्हा डॉक्टर ठरावीक दिवसांसाठी देतात. पण ती आपल्या मनानं, गोरं होण्यासाठी लावायची नाहीत. कुणी महिनोन्‌महिने लावत असेल, तर घाबरून लपवू नका, डॉक्टरांना सगळं खरं सांगा. सोडायचं कसं ते त्यांच्या सल्ल्यानं ठरवा.

आता उरलेल्या चार वस्तूंकडे वळू. त्यांची परीक्षा आम्ही हातावर घेतली. कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सलग सात दिवस लावायचं. खाज, लाली, पुरळ आलं तर धुऊन टाकायचं आणि ती वस्तू आपली नाही असं समजायचं. सनस्क्रीननं पाच जणींपैकी एकीला खाज आली, चौघींना काही झालं नाही. म्हणजे एकीला मानवलं ते दुसरीला मानवेलच असं नाही. जाऊबाईनं लावलं आणि तिला छान झालं, एवढ्यावर आपल्या तोंडाचा निकाल लागत नाही.

काजळ डोळ्यात घालायचं असतं, म्हणून ते ज्याचं त्यानंच वापरायचं. एक कांडी चौघींनी फिरवली, की एकीचे आलेले डोळे चौघींचे होतात. लिपस्टिकचंही तसंच. जत्रेतल्या स्टॉलवरची उघडी लिपस्टिक ओठाला लावून पाहू नका. रंग मनगटावर लावून बघा.

फाउंडेशनवर आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त हशा झाला. विक्रेत्याकडे दोनच रंग होते आणि दोन्ही आमच्यापेक्षा फिके. लावल्यावर पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसत होतं. तोंड एका रंगाचं, मान दुसऱ्या रंगाची! फाउंडेशन निवडताना जबड्याच्या कडेला थोडं लावायचं, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न पाहता दारात येऊन उजेडात बघायचं. मान आणि गालाशी मिसळून दिसेनासं झालं, तर तो रंग आपला. दुकानदाराकडे सावळ्या रंगाचं नसेल तर तसं मागा. मागितलंच नाही तर तो ठेवणार कशाला?

सनस्क्रीनविषयी थोडं. एसपीएफ ३० असलेलं पुरतं. ३० आणि ५० यांच्यात किमतीएवढा फरक पडत नाही. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर ओढलेल्या दोन रेघांइतकं लागतं आणि उन्हात घाम येत असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. रोज शेतात जाणाऱ्या बाईला हा खर्च झेपत नाही, हे आम्हालाही माहीत आहे. तिच्यासाठी डोक्यावर टोपी किंवा पदर आणि तोंडाला सुती स्कार्फ, हे चांगलं आणि फुकटचं सनस्क्रीन आहे.

घरगुती ते सगळं चांगलं, असंही धरून चालू नका. लिंबू चोळून उन्हात गेलं तर कातडी भाजते आणि काळे डाग राहतात. टिकलीचंही सांगायला हवं. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनामुळे कपाळावर पांढरा डाग पडतो. टिकलीखाली खाज सुटली तर जागा बदलून भागत नाही, ती टिकलीच बंद करायची.

लग्नघरासाठी एक सूचना. नवं फेशियल, नवं ब्लीच, नवी क्रीम हळदीच्या आदल्या दिवशी करायची नाही. जे करून पाहायचं ते निदान पंधरा दिवस आधी. आणि खरेदीचा हिशेब असा करा. समजा ५० ग्रॅमची ट्यूब २०० रुपयांना आणि १० ग्रॅमची ५० रुपयांना मिळते. ग्रॅमच्या हिशेबानं मोठी स्वस्त. पण मानवली नाही तर मोठीत २०० रुपये गेले, छोटीत ५०. म्हणून पहिल्यांदा छोटी घ्या.

शेवटी आमच्या गटानं काय ठरवलं तेही सांगतो. काजळ आणि लिपस्टिक थोडी घेतली, पक्की पावती घेऊन. फाउंडेशन परत केलं, सावळे रंग आणलेस तर ये म्हणून सांगितलं. मेंदीचा कोन आणि क्रीम ठेवली नाही. क्रीमवरच सगळ्यात जास्त नफा होता, हे खरं. आमच्यातली एक ताई पार्लर चालवते. गिऱ्हाइकं तिच्याकडे हीच क्रीम मागतात. ती म्हणाली, "मी नाही म्हटलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल." बराच वेळ चर्चा झाली. मग ठरलं, की ती क्रीम ठेवणार नाही आणि गटातल्या आम्ही सगळ्या लग्नाची मेंदी-मेकअपची कामं आधी तिला मिळवून देऊ. तिचं नुकसान तिनं एकटीनं का सोसावं?

तुमच्याकडे अशी बिननावाची डबी विकायला आली तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात कळवा. ग्राहकांच्या तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरातली एक डबी आणा आणि मिळून वाचा. अर्धा तास पुरेल.

आणि मुलगी बघायला आलेल्यांनी रंगाचा विषय काढला तर तिथेच, चहाचा कप हातात असतानाच, घरातल्या मोठ्या बाईनं बोलायचं, की आमच्या लेकीचा रंग आहे तो आहे. हे तिनं ऐकलं, की बाजारातल्या ट्यूबकडे तिचा हात जाणार नाही.

 उन्हाची काळजी घ्या, हौसही करा.