मागच्या रांगेतल्या बाया



आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने केले. तेव्हा नाट्यशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आम्हाला नाही. सोलापूरच्या विडी कामगार बायांत आम्ही काम करतो. त्यांनी केलेल्या एका नाटकाची हकीकत तेवढी सांगतो.

मराठी रंगभूमीवर बाईचे काम पुष्कळ वर्षे पुरुषांनीच केले. बालगंधर्व ठाऊक नाहीत असा श्रोता येथे नसेल. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या, त्याचे केवढे कौतुक झाले! पुढे १९४४ च्या लाल बावटा कलापथकातही नावे ऐकू येतात ती अण्णाभाऊंची, अमर शेखांची, गवाणकरांची. बायांनी आपलीच गोष्ट घोळक्याने सांगितली ती ज्योती म्हापसेकरांच्या 'मुलगी झाली हो' मध्ये. स्त्री मुक्ती संघटनेने ते १९८३ साली आणले, आणि त्याचे हजारो प्रयोग झाले. त्याची वार्ता कानी आली तेव्हा आमच्या बाया म्हणाल्या, "अण्णा, आपण पण करू."

विडीची मजुरी हजारावर. तासभर तालीम म्हणजे तेवढ्या विड्या बुडाल्या. म्हणून बाया सुपे घेऊनच तालमीला येऊ लागल्या. हात पानावर, तोंडात गाणे. बहुतेकींची मायबोली तेलुगू. मराठी शब्दांना त्यांचा आपला वेगळाच हेल. तालीम घेणारे गुरुजी तो घालवू पाहत होते. आम्हीच म्हटले, राहू द्या, गोड लागतो.

खरी अडचण मानेची होती. गाताना समोर बघा, असे गुरुजी शंभरदा सांगत आणि चौदाच्या चौदा माना पुन्हा खाली जात. एकीने सांगितले, "गुरुजी, मान वर केली की विडी नापास होती." आम्ही हसलो. रात्री घरी गेल्यावर हसू आले नाही.

मग भांडण झाले, आणि तेही आमच्याशीच. नाटकाच्या मध्यावर सेक्रेटरींचे भाषण घालायचे असे आम्ही ठरवले होते. बायांनी ते काढून टाकले आणि तेथे युनियनच्या मीटिंगचा प्रवेश घातला. मीटिंग सात वाजता असते, सातला घरात चूल पेटलेली असते. मग ठराव कोणी केले, असा एकूण सवाल. आम्ही म्हटले, मालकांसमोर घरचे धुणे कशाला? तीन दिवस वाद चालला. आम्ही त्यांना फूटपाडे म्हटले, हेही येथे कबूल करतो. त्या ऐकेनात.

प्रयोगाच्या दोन दिवस आधी एकीला नवऱ्याने अडवले. तिच्या जागी दुसरी घ्या, असे आम्ही सुचवले. बायांनी कोणालाच घेतले नाही. रांगेत तेवढी जागा मोकळी ठेवून तेरा जणी उभ्या राहिल्या. तो प्रवेश आला तेव्हा तेराही जणी आमच्या खुर्च्यांकडे वळल्या आणि मान वर करून गायल्या. मंडपात हशा पिकला. आम्ही पायांतल्या चपलांकडे बघत बसलो.

पुढची मीटिंग रविवारी दुपारी बोलावली. बाया आल्या, सुपांसकट. नाटकाला न आलेलीही त्यांत होती. कात्र्यांच्या आवाजात अध्यक्षांचे शब्द कोणाला ऐकू येईनात. ते जरा चिडले. मागच्या रांगेतून कोणीतरी सांगितले, "मोठ्याने बोला, साहेब. आम्ही तसेच शिकलो."