बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

आम्ही खडकवासल्याच्या बचत गटातल्या बायका. आमच्या गटाकडे एक जुना डिझेल टेम्पो आहे. पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून कांदे-बटाटे आणायचे आणि धरणाच्या चौपाटीवर आमच्या भज्यांच्या हातगाड्यांना पोचवायचे, हे त्याचं काम. चौपाटीला खरी गर्दी पावसाळ्यात. त्याच कमाईवर आमचे कर्जाचे हप्ते फिटतात.

मागच्या पावसाळ्यात टेम्पोनं रुसवा धरला. सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक-टक. चौघींनी धक्का मारला की चालू व्हायचा आणि दिवसभर पळायचा. गॅरेजवाल्यानं न बघताच सांगितलं, बॅटरी गेली. गटाच्या खात्यातून साडेपाच हजार काढून नवी घातली. आठ दिवसांत तीही उतरली! मग आमचा संशय ड्रायव्हरवर. आमच्याच एका ताईंचा मुलगा तो. रात्री टेप चालू ठेवतो म्हणून त्याच्या पगारातून पाचशे कापले. ताई दोन बैठकांना आल्या नाहीत.

शेवटी धायरीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियननं समजावलं. गाडी चालू असताना वीज तयार करतो तो अल्टरनेटर, ज्याला बरेच जण डायनॅमो म्हणतात. तोच बॅटरी भरतो. जुन्या डिझेल गाडीचा पंप इंजिनच्या फिरण्यावर चालतो, त्यामुळे एकदा चालू झालं की विजेवाचूनही इंजिन पळतं. अल्टरनेटर बंद पडला तरी गाडी सांगत नाही. त्यात पावसात वायपर चालू, सिंहगड रस्त्याच्या गर्दीत हेडलाइट चालू. सगळं बॅटरीतूनच जातं. नवी बॅटरी तरी किती पुरणार?

त्यानं आम्हाला मीटर धरायला शिकवलं. साधा मीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. काटा डीसी २० वर ठेवायचा, लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. सकाळी गाडी सुरू करण्याआधी १२.६ च्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली, १२ च्या खाली तर उतरलेली. मग इंजिन चालू करून थोडी रेस द्यायची. आता आकडा १३.८ ते १४.४ पर्यंत चढला पाहिजे. चढलाच नाही तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरी उकळून खराब होईल. आमचा आकडा १२.१, हेडलाइट लावले की ११.८. म्हणजे बॅटरीचा दोष नव्हताच.

पण म्हणून लगेच अल्टरनेटर काढायचा नाही. आधी बेल्ट बघा: सैल आहे का, गुळगुळीत होऊन चमकतोय का, लाइट लावल्यावर किंचाळतो का. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी आहे का. मग अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीच्या टोकावर मोजा. तिथे १४ आणि बॅटरीवर १२ असेल तर वायरीत घोळ. चावी फिरवल्यावर बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा लागायला हवा आणि इंजिन चालू झालं की विझायला हवा. आमचा दिवा लागतच नव्हता. बल्ब कधीचा उडालेला, कुणाचं लक्षच नाही. नवा बल्ब घातला तर इंजिन चालू असतानाही तो जळतच राहिला.

कधी गाडी चालू असताना आकडा बरोबर येतो, पण रात्रभरात बॅटरी उतरते. अशा वेळी सकाळी थंड गाडीच्या अल्टरनेटरला हात लावा. कोमट लागला तर आतला डायोड गळतोय.

दोन गोष्टी मात्र करू नका. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघायची जुनी युक्ती आहे, त्यानं चांगला अल्टरनेटरही जळतो. आणि पदर खोचल्याशिवाय, हातातल्या धातूच्या बांगड्या काढल्याशिवाय बॉनेटखाली हात घालू नका. पंखा पदर ओढतो, आणि बांगडी प्लसवरून पत्र्याला टेकली की हात भाजतो.

आमचा अल्टरनेटर उघडला तर आतले कार्बन झिजलेले आणि तेलानं माखलेले. पुष्कळ डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. त्याचं सील गळून तेल आत गेलं होतं. हे ऐकून आम्ही घाबरलोच, कारण अशा गाडीचा बेल्ट तुटला तर ब्रेकही जड होतो. आमचा टेम्पो माल घेऊन डोणज्याच्या उतारावरूनही येतो. सील, कार्बन आणि मजुरी मिळून नऊशे रुपये. बेल्टही बदलून घेतला.

पुढच्या बैठकीत ड्रायव्हरचे पाचशे परत केले आणि चूक आमची होती असं इतिवृत्तात लिहिलं. ताई त्या दिवशी आल्या होत्या. काही बोलल्या नाहीत, पण सही केली. मीटर आता त्यांच्याच घरी असतो. दर सोमवारी पहाटे आकडा घेऊन त्या हजेरीच्या वहीत मागच्या पानावर लिहितात. या सोमवारी १४.१ होता.